कॅन्ससची वादळं आणि हॉलची चावी

तुमच्या इमारतीत उद्या दुपारी पाणी शिरणार आहे असं तुम्हाला आज कळलं, तर सगळ्यात आधी तुम्ही कोणाच्या दारात जाल? नाव सांगा. 'सगळ्यांना सांगू' हे उत्तर चालणार नाही. 'ग्रुपवर टाकू' हे तर अजिबात नाही. एक माणूस, त्याचं नाव, त्याचा मजला.

सुचत नाहीये ना? मलाही सुचलं नव्हतं. हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मी बेलापूरच्या एका जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात उभी होते. सकाळचे सात वाजले होते, हातात रिकामा कप होता आणि चहा मिळत नव्हता. कारण कॅन्ससमध्ये वादळ उतरलं होतं.

प्रश्न विचारणारी बाई माझी घरमालकीण; त्यांच्याच घरातली एक खोली मी भाड्याने घेतली होती. वय सत्तरीच्या आसपास, उंची बेताची, केस चापून बांधलेले, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. मी त्यांना काकू म्हणायचे. सोसायटीतले लोक पाठीमागे 'वादळवाली' म्हणायचे, आणि ते त्यांना माहीत होतं. "पाठीमागे कशाला, दारावरच्या पाटीवर लिहा की," असं त्यांनी जिन्यात सेक्रेटरींना ऐकवलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

काकूंना वादळांचा नाद होता. इथल्या नाही, तिथल्या. अमेरिकेच्या मधोमध कॅन्सस, ओक्लाहोमा अशी जी सपाट राज्यं आहेत, तिथे एप्रिल-मे महिन्यांत आभाळातून हत्तीच्या सोंडेसारखं वादळ खाली उतरतं आणि गावातून फिरून जातं. तिथल्या संध्याकाळी ही वादळं येतात, म्हणजे आपल्या सकाळी. तिथले हवामानवाले ती थेट दाखवतात. काकू पहाटेच उठून, लोणच्याच्या बरणीला टॅब टेकवून, ते बघायच्या. पडद्यावर रडारचे रंग फिरायचे. हिरव्याला चिकटून लाल आला आणि त्याला आंबे काढायच्या आकडीसारखं वळण पडलं, की काकू उठून उभ्या राहायच्या.

हा त्यांचा नियम होता. तिथला इशारा उठेपर्यंत बसायचं नाही आणि गॅस पेटवायचा नाही.

"तिकडे माणसं न्हाणीघरात डोक्यावर गाद्या घेऊन बसलीत, आणि मी इथं आलं किसू?"

मी वाशीला एका लहान प्रकाशनात मुद्रितं तपासायचे. उशीर झाला की साहेब विचारायचे, आज काय? मी म्हणायचे, ओक्लाहोमा. सुरुवातीला ते हसले. नंतर माझं रिकामं टेबल बघून तेच इतरांना सांगू लागले, "तिकडे वादळ असेल, येईल अकराला."

ऑगस्टनंतर काकू समुद्रावरच्या वादळांकडे वळायच्या. मग जपान, फिलिपिन्स, बंगालचा उपसागर. पण जीव कॅन्ससवर. एक दोनशेपानी वही होती. तिच्यात तिथल्या गावांची नावं देवनागरीत लिहिलेली. गावाच्या नावापुढे शाळा कुठे, दवाखाना कुठे, लोहमार्ग कुठून जातो. ज्या गावात त्या कधी जाणार नव्हत्या, तिथल्या पेट्रोल पंपामागची पक्की खोली त्यांना ठाऊक होती.

माझं त्यांच्याशी पहिलं भांडण याच वहीवरून झालं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. इचलकरंजीला आमच्या घरात कॉटखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबा यंत्रमाग कामगारांच्या युनियनचे. पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी बेरजा-वजाबाक्या शिकले, आणि पुढच्या बाजूवरून बाकी सगळं. अन्याय दिसला की बोलायचं, ही घरची सवय. तर एका सकाळी, चहा नाही म्हणून पोट रिकामं आणि डोकं तापलेलं, मी बोलले.

"काकू, लोकांची घरं उडतात आणि तुम्ही नाश्त्याआधी ते बघता. हा दुसऱ्याच्या मरणाचा तमाशा झाला."

त्या माझ्याकडे वळल्या नाहीत. नजर पडद्यावरच.

"मी वादळ बघत नाही. सांगणं बघते. ऐक जरा हा चष्मेवाला काय म्हणतोय."

पडद्यावर एक माणूस होता. चष्मा कपाळावर चढवलेला, आवाज बसलेला. तो बोटाने नकाशावर एक चौक दाखवत होता. त्या चौकाच्या उत्तरेला जे धान्याचं कोठार आहे तिथे कोणी असाल तर आत्ता निघा, शाळेमागच्या वस्तीत असाल तर निघू नका, आतल्या खोलीत जा. तो सारखं हेच करत होता. चौक, वस्ती, मिनिटं. पुन्हा चौक, वस्ती, मिनिटं.

"ऐकलंस? कोठाराचं नाव घेतलं त्यानं. आता सांग, उद्या आपल्या सोसायटीत पाणी शिरलं तर तू आधी कोणाच्या दारात जाशील?"

"सगळ्यांना सांगेन," मी म्हणाले. पत्रकांवर वाढलेली मुलगी दुसरं काय म्हणणार?

"सगळ्यांना सांगितलेलं कोणालाच सांगितलेलं नसतं," काकू म्हणाल्या. "मी तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलीत, मला शिकवू नकोस."

काकू तरुणपणी ट्रंक कॉल जोडायच्या. कानाला हेडफोन, समोर भोकांची पाटी, हातात वायरी. नागपूरहून मुंबई, मुंबईहून कोचीन. त्या काळी पीपी नावाचा कॉल असे. तुम्ही नंबर नुसता सांगायचा नाही, माणसाचं नाव सांगायचं. अमक्या दुकानाच्या नंबरवर फोन लावा आणि शेजारच्या चाळीतल्या अमक्याला बोलवा. तो माणूस येऊन 'हॅलो' म्हणाला तरच कॉल लागला. दुकानदाराने उचलला, त्याच्या मुलाने उचलला, तर लागला नाही. तोवर ऑपरेटर लाईन धरून बसणार.

"कोणाचा बाप गेलेला असायचा, कोणाला नोकरी लागलेली असायची," काकू सांगायच्या. "मला आतलं काही माहीत नसायचं. पण मी लाईन सोडायची नाही. सुपरवायझर ओरडायची, सोड, बाकीचे खोळंबलेत. मी म्हणायची, माणूस जिना उतरतोय बाई, मला पायांचा आवाज येतोय."

जगातली सगळी माणसं त्यांनी दोन ढिगांत वाटली होती. लाईन धरणारे आणि सोडणारे. चष्मेवाला पहिल्या ढिगात. आमचे सेक्रेटरी दुसऱ्या.

आणि गूळ. त्यांच्याबद्दल सांगताना गूळ विसरून चालणार नाही. ज्या गावाला इशारा दिला होता त्या गावाला वादळ चुकवून गेलं, काही झालं नाही, की काकू डबा काढायच्या आणि भेटेल त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायच्या. दूधवाला, कचरा नेणारी, मी. लोक पडलेल्या घरांचे फोटो पुढे पाठवतात. काकू न पडलेल्या घरांचा गूळ वाटायच्या.

खाडीकाठच्या दिवाळे गावची जनाबाय फाटकाशी मासळीची पाटी घेऊन बसायची. काकू खाली उतरल्या की तीच हात पुढे करायची.

"आज कुठलं वादल टललं गो?"

"अर्कान्सा."

"तं बरा झाला. ये, बोंबील घे ताजे. त्या अरकनशाच्या नावानी दोन जास्त टाकते."

आता सोसायटीबद्दल. चार मजली, जुनी, खाडीपासून फार लांब नाही. समोरच्या रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढायचा आणि आमचं अंगण तेवढं खाली जायचं. मी राहायला गेले तेव्हा रस्त्यावरून फाटकात यायला दोन पायऱ्या उतराव्या लागत. त्याच्याही खाली, पाण्याच्या पंपाशेजारी, एक खोली होती. तिथे वॉचमन राहायचा, परभणीकडचा, त्याची बायको मीरा आणि दोन लहान मुली. खोलीला खिडकी एकच, आणि तिची चौकट अंगणाच्या फरशीला टेकलेली. आत उभं राहिलं की बाहेरून जाणाऱ्यांच्या चपला दिसायच्या.

पहिल्या मजल्यावर सोसायटीचा हॉल. मोठा, कोरडा, नव्याने टाइल्स आणि एसी बसवलेला. वर्षातून दहा-बारा दिवस उघडा. चावी सेक्रेटरींच्या स्वतःच्या जुडग्यात. सेक्रेटरी सकाळी आठला अंधेरीला नोकरीला जायचे आणि हॉल त्यांच्या खिशात अंधेरीला जायचा.

काकूंचं म्हणणं एका ओळीचं होतं. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच दुपारी येणार असेल त्या दिवशी हॉल उघडा ठेवा. चावी दाराशेजारी खिळ्याला. तळमजल्यावरची दोन घरं, मीरा आणि तिच्या मुली, फाटकाशी बसणारे, सगळ्यांना कळू दे की वर जागा आहे.

त्यांनी हे सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. त्यांच्या पद्धतीने, नावांसकट. 'पंपाजवळची खोली: मीरा, तुझी कॉट पायाकडून विटांवर चढव. ए-दोन, तळमजला: आजोबांचा वॉकर जिन्याजवळ ठेवा.' सेक्रेटरींनी उत्तर दिलं, 'काकू प्लीज पॅनिक नका करू, ग्रुप फक्त गुड मॉर्निंग आणि मेंटेनन्ससाठी आहे.' काकूंनी लिहिलं, 'मग हा मेंटेनन्सच समजा.' संध्याकाळपर्यंत त्या ग्रुपमधून बाहेर होत्या. कारण दिलं, अफवा.

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहायला बसले. 'जागे व्हा! सोसायटीच्या मुजोर कारभाराला जाब विचारा! सामान्य माणसाच्या जिवाशी चाललेला खेळ थांबलाच पाहिजे!' एक पान भरलं. काकूंनी चष्मा लावून वाचलं.

"यात मीरा कुठं आहे?"

"सामान्य माणूस म्हणजे तीच."

"तिला माहितीये का तसं?" त्यांनी पेन घेतलं आणि काट मारायला सुरुवात केली. उद्गारचिन्हं आधी गेली. "यानं कोणी जिना चढत नाही." मग मुजोर गेलं, मग जाब गेला. शेवटी पानावर एकच शब्द उरला, 'सोसायटीच्या'. तोही त्यांनी खोडला. मग कागद उलटा केला आणि पाठकोऱ्या बाजूवर लिहिलं: मीरा, पंपाजवळची खोली. खाली वेळ. खाली 'पहिला मजला, हॉल'.

"हे पत्रक," त्या म्हणाल्या. "प्रत एकच. वाटायचं एकाच दारात. तिनं वाचून 'हो' म्हटलं तर लागला कॉल."

बाबांना मी हे फोनवर सांगितलं. त्यांनी काकूंची चिठ्ठी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग म्हणाले, "आमचे गठ्ठे कॉटखाली का उरायचे ते आता कळलं."

जुलैत तसा दिवस आला. दुसऱ्या दिवशी अमावास्येची मोठी भरती आणि अतिवृष्टीचा इशारा. काकू सेक्रेटरींच्या दारात गेल्या. मी मागे उभी.

"उद्या हॉलची चावी लागेल."

"कशाला? बर्थडे आहे का?"

"पाणी आहे."

"काकू, नव्या टाइल्स आहेत. चिखलाचे पाय घेऊन लोक आत आले तर?"

"पुसू."

"आणि पाणी आलंच नाही तर?"

"तर पुसायचं काम वाचलं."

सेक्रेटरींनी दार लावून घेतलं. जोरात नाही. शिकलेल्या माणसासारखं, हळूच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता काकूंनी बाजारातून चावीवाला आणला. पहिल्या मजल्याच्या मोकळ्या जागेत प्लास्टिकची खुर्ची टाकून बसल्या आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कुलूप काढायला लावलं. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "गुपचूप उघडलं असतं तर चोरी. खुर्ची टाकून उघडलंय, याला ठराव म्हणतात." नवं कुलूप घातलं, चावीला लाल रिबन बांधून ती खिळ्याला टांगली. मग चिठ्ठ्या घेऊन आम्ही दारोदार गेलो. मीरा मुलींना आणि एक बोचकं घेऊन वर आली, मागून तिचा नवराही. तळमजल्यावरची घरंही आली. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. पाऊस आला आणि पाऊण तासात ओसरला. अंगणात घोटाभर पाणीसुद्धा साचलं नाही. मुली एसीखाली चादरीवर झोपल्या. तेवढंच त्या दिवशी झालं.

संध्याकाळी सेक्रेटरी आले. "कुठंय तुमचं वादळ?"

काकूंनी डबा पुढे केला. "चुकलं. घ्या, गूळ घ्या."

त्यांनी घेतला नाही. रविवारी जनरल बॉडी बोलावली, त्याच हॉलमध्ये. विषय एकच: सोसायटीच्या मालमत्तेचं कुलूप तोडणं आणि भीती पसरवणं. ठराव असा की काकूंनी लेखी माफी मागावी.

काकू उभ्या राहिल्या. गुडघ्यांमुळे त्यांना उभं राहायला वेळ लागायचा, आणि तो वेळ लोकांना चुळबुळ करत काढावा लागायचा.

"मी चुकले," त्या म्हणाल्या. "पाणी येईल म्हणाले, आलं नाही. चूक कबूल. माफी मागणार नाही. बायका-पोरं चार तास कोरड्या जागेत बसली, याची माफी कोणाची मागू? पाण्याची?"

कोणीतरी हसलं. सेक्रेटरी म्हणाले, "उद्या पुन्हा असंच कराल."

"उद्या नाही. इशारा येईल तेव्हा."

ठराव मंजूर झाला. हात वर करणाऱ्यांत ए-दोनमधल्या आजोबांचा मुलगाही होता. मी तिथे काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, कारण काकूंनी नंतर एवढंच विचारलं, "तुझं संपल्यावर मीरा कुठं बसली होती?" मला माहीत नव्हतं. ती आलीच नव्हती. तिच्या नवऱ्याला लेखी समज मिळाली होती: फाटक सोडून कुटुंबासह हॉलमध्ये बसल्याबद्दल. पुन्हा झालं तर नोकरी जाईल.

काकूंना ग्रुपमधून काढलं तेव्हा त्या हसल्या होत्या. ठरावाच्या दिवशीही जेवल्या. ही समज ऐकली तेव्हा मात्र दोन दिवस त्यांनी टॅब लावला नाही.

"आता ती येणार नाही," त्या म्हणाल्या. "कुलूप काय, पुन्हा तोडू. पण तिला मी एकदा फुकट जिना चढायला लावलंय, आणि त्याचा दंड तिला झाला."

तिसऱ्या दिवशी त्या खाली उतरल्या. चिठ्ठ्या दिलेल्या प्रत्येक दारात गेल्या आणि तेच वाक्य म्हणाल्या, "मी चुकले, ढग समुद्रातच रिते झाले, पुन्हा सांगेन, पुन्हा या." चष्मेवाला असंच करायचा. वादळ चुकलं की दुसऱ्या दिवशी पडद्यावर येऊन, कुठे चुकलं ते दाखवायचा. मीराच्या खोलीपाशी काकूंनी वाकून खिडकीतून तेच सांगितलं. मीराने मान हलवली. 'हो' म्हणाली नाही.

फाटकाशी जनाबायने त्यांना अडवलं.

"तू भरती कुठली बघते गो?"

"छापील तक्त्यातली. मुंबईची."

"मुंबयची!" जनाबायने कपाळावर हात मारला. "मुंबयचा पानी खारीत चढाया येल लागतो का नाय? आमच्या दिवाल्याला पाऊन तास उशिरा भरते. तुला अमेरिकेचा समजते नि दिवाल्याचा नाय समजत?"

काकू तिथेच पायरीवर बसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच लाजलेलं पाहिलं. वहीत दोनशे पानं कॅन्सस होतं आणि दिवाळं एका ओळीचंही नव्हतं. त्यांनी वही मागवली, मागच्या पुठ्ठ्याच्या आत लिहिलं: 'खाडी. पाऊण तास उशिरा. सांगणार: जनाबाय.' आणि मग तिलाच गूळ दिला, कुठलंही वादळ चुकलेलं नसताना.

ऑगस्टमधल्या पौर्णिमेला पुन्हा मोठी भरती आली आणि पुन्हा इशारा. हॉलला आता दुप्पट जाड कुलूप होतं, चावी अंधेरीत. सकाळपासून पाऊस एका लयीत पडत होता, थांबायचा विचारच नसल्यासारखा. काकूंनी चिठ्ठी लिहिली: 'मीरा, पंपाजवळची खोली. पाणी पावणेदोनच्या सुमारास. साडेबाराला निघ. मुली, कागदपत्रं, औषधं. तिसरा मजला, माझं घर. दार उघडं आहे.'

साडेबाराला मीरा आली नाही. पाऊण वाजता आम्ही दोघी खाली गेलो. काकू एकेक पायरी आडवं पाऊल टाकत उतरल्या. अंगणात पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. मीरा कॉटवर मुलींना घेऊन बसली होती, दाराला आणि खिडकीला पोत्यांचा बांध घातलेला, नवरा फाटकावर.

"नाय येत काकू. मागल्या टायमाला आलो तर साहेब ह्यांला किती बोलले. नोकरी गेली तर पावसाचं पानी परवडलं."

"बरोबर आहे तुझं," काकू म्हणाल्या. त्यांनी पोतं ओलांडलं, आतलं स्टूल ओढलं आणि दारात बसल्या.

"तुमी काहाला बसलात?"

"तू येईपर्यंत."

"काकू, गुडघे दुखतेल तुमचे. पानी चढायलंय."

"दुखू देत. तुझ्या नावाचा कॉल आहे. तू उचलल्याशिवाय मी लाईन सोडणार नाही."

मीराला त्यातलं अक्षर कळलं नसावं. मी म्हटलं, काकू चला, आपण दोघी तिला ओढू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हात मागे घेतला. पोत्यांखालून पाणी आत आलं. स्टुलाचे पाय बुडाले. काकूंची साडी पोटऱ्यांपर्यंत भिजली. त्या मीराच्या धाकटीला विचारत होत्या, तुझं नाव पूर्ण सांग, बापाचं नाव, गावाचं नाव, हळू नको, लांब ऐकू गेलं पाहिजे. ती पोरगी ओरडून नाव सांगत होती आणि पाणी वर येत होतं.

मीरा एकदम उठली. "ही म्हातारी मरंल हितं," ती मला म्हणाली, रागाने. तिने मुली माझ्याकडे दिल्या, बोचकं खांद्याला लावलं आणि काकूंना काखेत हात घालून उठवलं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर काकू तिच्या कानाशी म्हणाल्या, "लागला."

कोणी कोणाला वाचवलं याचा हिशेब ज्याला करायचा त्याने करावा. मी फक्त जे झालं ते सांगते. त्यानंतर अर्ध्या तासात ती खिडकी पाण्याखाली गेली. कॉट आतल्या आत उलटी झाली.

पहिल्या मजल्यावर आम्ही दम खायला थांबलो तेव्हा हॉलच्या दाराशी सेक्रेटरींची बायको उभी होती. मागे ए-दोनचे आजोबा, त्यांचा वॉकर, तळमजल्यावरची बाकीची माणसं, डोक्यावर पाटी घेतलेली जनाबाय. सेक्रेटरींच्या बायकोच्या हातात चावी होती. घरात दुसरी चावी होती. जुन्या कुलपाचीही होती.

"ह्यांना मी सांगते काय सांगायचं ते," ती म्हणाली आणि तिने दार उघडलं.

नव्या टाइल्सवर पहिला पाय मीराने ठेवला. चिखलाचा, पूर्ण उमटलेला, पाची बोटांसकट. संध्याकाळपर्यंत त्या हॉलमध्ये एक टाइल स्वच्छ उरली नव्हती. मुलींपैकी थोरलीने काकूंसमोर हात पसरला.

"गूळ?"

"आज नाही बाळा," काकू म्हणाल्या. "आज आलं ना."

मीराच्या नवऱ्याची नोकरी राहिली. सेक्रेटरींच्या बायकोने हॉल उघडलेला असताना त्याला कोण काय बोलणार? पण ठरावही राहिला. माफी मागा असं आठवण करून देणारं पत्र काकूंना दिवाळीआधी आलं. त्यांनी ते उलटं करून पाठकोऱ्या बाजूवर पुढच्या मोठ्या भरतीच्या वेळा लिहिल्या, पाऊण तास मिळवून.

काकू मागच्या जानेवारीत गेल्या, झोपेत, कॅन्ससमध्ये वादळं नसतात त्या दिवसांत. वही माझ्याकडे आहे. मी आता शेजारच्या सेक्टरमध्ये राहते. मीरा आणि तिचं कुटुंब त्याच खोलीत आहे. खोलीला नवा रंग दिला आहे, खिडकी होती तिथेच आहे. हॉलला आता आकड्यांचं कुलूप बसवलंय. आकडे तिघांना माहीत आहेत आणि तिघंही सकाळी आठला मुंबईला जातात. मी ते आकडे मागितले. तुम्ही सोसायटीच्या सभासद नाही, असं उत्तर मिळालं. मी दर आठवड्याला मागते. ते दर आठवड्याला नाही म्हणतात. बघू कोण आधी लाईन सोडतं.

पण माझा आजचा कागद त्यांच्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. हे वाचून झालं की पुढे पाठवू नका. खाली उतरा. तुमच्या इमारतीतली सगळ्यात कोरडी, सगळ्यात मोठी, सगळ्यात कुलूपबंद जागा कोणती ते बघा आणि तिची चावी दुपारी दोन वाजता कुठे असते ते विचारा. मग तुमच्या जिन्याच्या तळाशी जो माणूस राहतो त्याचं नाव माहीत करून घ्या. एक कागद घ्या, पाठकोरा चालेल. वर ते एकच नाव लिहा, खाली तुमचा मजला लिहा, आणि 'दार उघडं आहे' असं लिहा. दारात सरकवू नका. त्याच्या हातात द्या, आणि तो 'हो' म्हणेपर्यंत तिथून हलू नका.